अमेरिकेतील यादवी युद्ध : उभय पक्षांचे बलाबल आणि नाशिक-खानदेशची साक्ष

१८६० साली ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे १३९ कोटी पौंड वजनाचा कापूस आयात झाला. त्यापैकी जवळजवळ ११२ कोटी पौंड अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आला होता. हिंदुस्थानातून गेलेला कापूस २० कोटी पौंडांच्या आसपास होता. पुढील चार वर्षांच्या युद्धाचा निर्णय लढाईच्या मैदानांवर झाला हे खरे असले, तरी ते युद्ध सुरू करण्याचे धैर्य दक्षिणेकडील राज्यांना ज्या गोष्टींमुळे आले, त्यांत या आकड्यांचे स्थान वरचे होते. साउथ कॅरोलिनाचे प्रतिनिधी जेम्स हॅमंड यांनी मार्च १८५८ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये कापूस हाच राजा असल्याचे बजावले होते. तीन वर्षे आम्ही कापूस पाठविला नाही तर इंग्लंड आपल्याबरोबर सगळ्या सुधारलेल्या जगाला घेऊन कोसळेल, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. हॅमंड यांचे भाकीत खरे ठरले नाही. ते का ठरले नाही याचा शोध घेऊ जाता अभ्यासकाला रिचमंड आणि लिव्हरपूल यांच्याबरोबरच धुळे, मालेगाव, नाशिक आणि थळ घाट या वाटेवरूनही जावे लागते.

या युद्धातील पक्षांचे बलाबल पाहण्याची एक रूढ पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही. संघराज्यातून फुटून निघालेल्या अकरा राज्यांची लोकसंख्या ९० लक्षांच्या आसपास होती व तीत ३५ लक्ष गुलाम होते. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या राज्यांची लोकसंख्या २ कोटी २० लक्षांच्या घरात जाते. देशातील सुमारे तीस हजार मैल लोहमार्गांपैकी नऊ हजार मैल दक्षिणेत होते. कारखानदारीच्या उत्पादनात दक्षिणेचा वाटा एक-दशांशाच्या आसपास असून तोफा ओतण्याजोगा मोठा कारखाना म्हणावा असा रिचमंडचा ट्रेडेगार एवढाच होता. आरमार तर जवळजवळ सर्वच उत्तरेकडे राहिले. एवढे आकडे मांडून झाले की दक्षिणेचा पराभव अटळ वाटू लागतो. परंतु मग तो होण्यास १२ एप्रिल १८६१ पासून ९ एप्रिल १८६५ पर्यंतचा काळ आणि रूढ गणनेप्रमाणे ६ लक्ष २० हजार, व काही अलीकडील अभ्यासकांच्या मते त्याहूनही अधिक, माणसांचे प्राण का खर्ची पडावेत, या प्रश्नाला ते आकडे उत्तर देत नाहीत.

उत्तर असे की, दोन्ही पक्षांची उद्दिष्टे सारखी नव्हती, म्हणून त्यांना लागणारे बळही सारखे नव्हते. उत्तरेला सुमारे साडेसात लक्ष चौरस मैलांचा मुलूख जिंकावयाचा होता; दक्षिणेला केवळ पराभूत न होणे पुरेसे होते. शत्रूला थकविणे हाच जय मानणाऱ्या पक्षाचे बळ कसे मोजावे, हे औरंगजेबाच्या दक्षिणेतील पंचवीस वर्षांचा इतिहास वाचलेल्या मराठी विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको. शिवाय दक्षिणेकडे लीसारखा सेनापती होता, आपल्या भूमीची माहिती होती, आणि शेती, खंदक, रस्ते व खाणी यांची कामे गुलामांवर सोपविता येत असल्यामुळे लढण्याच्या वयाच्या गोऱ्या पुरुषांपैकी फार मोठा भाग तिला रणांगणावर पाठविता आला. दक्षिणेचे सैन्य गुलामांच्या श्रमावर उभे होते, हे विधान अलंकारिक नसून शब्दशः खरे आहे.

याच ठिकाणी कारणांचा प्रश्न बलाबलाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. युद्धानंतर दक्षिणेतील लेखकांनी घटकराज्यांचे हक्क, जकातीचे धोरण, दोन जीवनपद्धतींतील विरोध अशी कारणे पुढे केली, आणि आपल्याकडील क्रमिक पुस्तकांतूनही ती बराच काळ एका ओळीत, जणू समान वजनाची म्हणून, दिली जात असत. १८६०-६१ मधील कागद मात्र निराळे सांगतात. मिसिसिपीच्या अधिवेशनाने फुटून निघण्याची कारणे देताना आपली स्थिती गुलामगिरीच्या संस्थेशी सर्वथा एकरूप असल्याचे आरंभीच मान्य केले. दक्षिण संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे बोलताना वंशांची विषमता हीच आपल्या नव्या शासनाची कोनशिला असल्याचे सांगितले. राज्यांच्या हक्कांविषयी म्हणावे, तर १८५० च्या पळपुट्या गुलामांसंबंधीच्या कायद्यात उत्तरेकडील राज्यांच्या इच्छेविरुद्ध मध्यवर्ती सत्तेने गुलाम पकडून द्यावेत असा आग्रह दक्षिणेनेच धरला होता. तत्त्वासाठी लढणारा पक्ष आपले तत्त्व इतक्या सोयीने बाजूस ठेवीत नाही. १८६० साली देशातील सुमारे ४० लक्ष गुलामांची बाजारभावाने होणारी किंमत तेथील सर्व कारखाने व सर्व लोहमार्ग यांत गुंतलेल्या भांडवलाहून अधिक होती. लिंकन यांच्या निवडणुकीने धोक्यात आले ते हे धन.

उत्तरेच्या बाजूने पाहता कारण इतके सरळ नव्हते. लिंकन यांनी ४ मार्च १८६१ च्या भाषणात, जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला हेतू नाही, असे स्पष्ट सांगितले होते. मेरिलँड, केंटकी, मिसूरी व डेलावेअर ही गुलाम बाळगणारी राज्ये संघराज्यातच राहिली होती, आणि त्यांना दुखविणे परवडणारे नव्हते. म्हणजे आरंभी एक पक्ष गुलामगिरीसाठी लढत होता, परंतु दुसरा तिच्या विरुद्ध लढत नव्हता. तो संघराज्य टिकविण्यासाठी लढत होता. दोन पक्षांची कारणे एकमेकांसमोर येण्यास १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा निघावा लागला.

आता कापसाकडे वळावयाचे. दक्षिणेने १८६१ मध्ये एक विलक्षण खेळी केली. उत्तरेने तिच्या किनाऱ्याची नाकेबंदी एप्रिलमध्ये जाहीर केली होती, पण ती अद्याप कागदावरच होती. माल बाहेर काढणे शक्य होते. तरीही मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी आपण होऊन कापूस रोखून धरला. इंग्लंडातील गिरण्या ओस पडल्या म्हणजे तेथील सरकार दक्षिण संघाला मान्यता देईल आणि आपल्या आरमाराने नाकेबंदी मोडील, असा त्यांचा हिशेब होता. ज्या काळात कापूस विकून बंदुका व जहाजे घेता आली असती, तो काळ असा दवडला गेला. नाकेबंदी आवळली गेल्यावर विकण्याची इच्छा झाली, तेव्हा वाट उरली नव्हती. त्यातच १८५९ व १८६० ची पिके उत्तम आल्याने लँकेशायरमध्ये मालाचा साठा भरपूर होता. खरी टंचाई १८६२ च्या उत्तरार्धात जाणवली. त्या हिवाळ्यात तेथील जवळजवळ पाच लक्ष माणसे मदतीवर जगत होती. उपासमारीचा हा भाग हॅमंड यांच्या भाकितानुसारच घडला. पण इंग्लंड कोसळले नाही, आणि मँचेस्टरच्या कामगारांनी तर ३१ डिसेंबर १८६२ रोजी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठविले.

अमेरिकेतून ब्रिटनला जाणारा कापूस १८६२ मध्ये दीड कोटी पौंडांच्याही खाली आला. त्याच वर्षी हिंदुस्थानातून ३९ कोटी पौंड गेला. १८६४ मध्ये हिंदुस्थानचा वाटा ५० कोटींवर पोचला. त्या वर्षीच्या एकूण ब्रिटिश आयातीपैकी तो निम्म्याहून अधिक होता. ही वाढ तूट पूर्ण भरून काढणारी नव्हती, आणि मालही तितका चांगला नव्हता. पश्चिम हिंदुस्थानातला सर्वच कापूस विलायतेत 'सुरती' या नावाने ओळखला जाई. तो आखूड धाग्याचा असून वारंवार तुटत असल्यामुळे विणकरांना नकोसा होता. देवाकडे कापूस मागताना 'पण सुरती नको' अशी पुस्ती लँकेशायरचे कामगार जोडीत, अशी आख्यायिका आहे. भाव तिपटी-चौपटीने चढल्यावर सरकी, माती आणि पाणी मिसळून वजन वाढविण्याची लबाडी इतकी बोकाळली, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. तरी दक्षिण संघाच्या दृष्टीने या मालाचा दर्जा हा मुद्दा गौण होता. तिच्या सर्व डावपेचांचा आधार असा की, आमच्यावाचून जगाचे चालणार नाही. ते चालते, वाईट मालावर, महाग मालावर, पण चालते, एवढे सिद्ध होणे पुरेसे होते.

हे सिद्ध करणाऱ्या प्रदेशांत वऱ्हाड, गुजरात व धारवाड यांच्या बरोबरीने खानदेश येतो. नाशिकचा संबंध शेतापेक्षा वाटेचा अधिक. त्या काळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १८६९ मध्ये निर्माण झाला. त्यापूर्वी नाशिकचा भाग अहमदनगरच्या कलेक्टरीत व मालेगाव-बागलाणचा भाग खानदेशात मोडत असे. कापूस पिके तो मुख्यतः खानदेशाकडे. परंतु तेथून मुंबईस जाणारा आग्रा रस्ता धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, इगतपुरी असा येऊन थळ घाटाने कोकणात उतरे. पिढ्यान्पिढ्या या वाटेने लमाणांचे बैलतांडे आणि गाड्या चालत आल्या होत्या. रेच्यावर सरकी काढून सैल बांधलेला कापूस आठवड्यांच्या प्रवासात धूळ व दव खात, आणि पाऊस लवकर आला तर भिजत, मुंबईस पोचे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी १८५७ मध्ये कापूसपुरवठ्यासाठी संस्था काढली आणि हिंदुस्थानात लोहमार्ग लवकर पूर्ण व्हावेत यासाठी आग्रह धरला, त्यामागे ही वाट होती.

लोहमार्गाचा इतिहास येथे मोठा उद्बोधक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८६१ च्या आरंभी रूळ घाटाच्या पायथ्याशी कसाऱ्यापर्यंत आले. घाटमाथ्यावरही इगतपुरीपासून नाशिकच्या बाजूने पुढे मार्ग होत होता. मधला घाट मात्र बाकी होता. सदतिसास एक अशी चढण, बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, आणि वाटेत गाडी उलट्या दिशेने घेण्यासाठी केलेले स्थानक, असे ते काम होते. तेव्हा युद्धाच्या ऐन वर्षांत घाटमाथ्यावर आलेला कापूस इगतपुरीच्या आसपास उतरवून गाड्या-बैलांनी घाट उतरवावा व खाली पुन्हा आगगाडीत चढवावा लागे. थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्यानंतर शंभर दिवसांच्या आत लीने ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. दक्षिणेच्या कापसाची मक्तेदारी मोडण्यात आगगाडीचा वाटा सांगताना ही तारीख विसरली जाते. खानदेशापुरते बोलावयाचे तर ती मक्तेदारी मोडली ती मुख्यतः बैलांनी आणि घाटातल्या गाडीवानांनी.

यातून निघणारा मुद्दा केवळ पुरवठ्याचा नाही. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या समर्थनात एक आर्थिक प्रमेय होते : उष्ण देशात कापसासारखे पीक मोठ्या प्रमाणावर व नियमितपणे काढावयाचे तर सक्तीचे श्रम अपरिहार्य आहेत. त्यांचे कारण व त्यांचे बळ यांना जोडणारा दुवा हाच. खानदेशातला कुणबी कुणाच्या मालकीचा नव्हता. १८४३ च्या पाचव्या कायद्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालये माणसावर माणसाची मालकी मान्य करीत नव्हती. आपल्या नावावरच्या जमिनीत, सरकारचा धारा व सावकाराचे व्याज अंगावर घेऊन, त्याने जोंधळ्या-बाजरीच्या काही वावरांत कापूस पेरला, तो भाव चढला म्हणून. त्याचा हा माल जगाच्या बाजारात पोचताच मळेवाल्यांचे प्रमेय व्यवहारात खोटे ठरले. तथापि त्याला सर्वार्थाने स्वतंत्र म्हणण्याची घाई करू नये. भाव चढल्यावर सावकाराने हात सैल सोडला, भाव पडल्यावर आवळला. दोन्ही वेळा दोरी त्याच्याच हातात होती. मालकीवाचून माणूस बांधून ठेवता येतो, हे दक्षिणेतील मळेवाल्यांनाही युद्धानंतर लवकरच समजले, आणि तेथील मुक्त झालेला कृष्णवर्णीय शेतकरी पिकाच्या वाट्यावर व कर्जावर जमीन कसू लागला.

गुलामांचे श्रम हे दक्षिणेचे बळ असे वर म्हटले. ते बळ आपल्या पायांनी चालू शकत होते, ही गोष्ट बलाबलाच्या रूढ कोष्टकात येत नाही. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील तीन गुलाम होडीने मन्रो किल्ल्यावर संघराज्याच्या छावणीत आले. त्यांना परत देण्यास जनरल बटलर यांनी नकार दिला. ते शत्रूच्या युद्धकार्यास लावलेली मालमत्ता असल्याने जप्तीस पात्र आहेत, असा त्यांचा कायदेशीर युक्तिवाद होता. मालमत्ता म्हणण्याची दक्षिणेची भाषाच तिच्यावर उलटविण्यात आली. तिघांच्या मागून हजारो आले. ड्यूबॉइस या इतिहासकाराने १९३५ मध्ये या पलायनाला सार्वत्रिक संप म्हटले. हा शब्द कोणास अतिव्याप्त वाटेल. पण १८६३ नंतर सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या लष्करात दाखल झाले, आणि त्यांतील बहुसंख्य काल-परवापर्यंत गुलाम होते, ही वस्तुस्थिती आहे. जो मनुष्य एका पक्षाच्या शेतातून निघून दुसऱ्या पक्षाच्या पलटणीत उभा राहतो, तो बलाबलाच्या हिशेबात दोनदा धरावा लागतो.

मुंबई इलाख्यात या युद्धाकडे पाहण्याच्या दृष्टी निरनिराळ्या होत्या. मुंबईच्या शेअरबाजाराला त्यात भाव दिसला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा खेळू लागला, समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि युद्ध लवकर संपेल या बातमीची धास्ती वाटू लागली. ती संपल्याची बातमी आली तेव्हा १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी कित्येक पेढ्या बुडाल्या. चार वर्षे ज्यांना युद्धाने श्रीमंत केले, त्यांनी ते कशासाठी चालले आहे याची विचारपूस केल्याचे फारसे दिसत नाही. बाजाराचा तो स्वभावही नव्हे.

नाशिकला मात्र गुलामगिरी ही परदेशच्या वर्तमानपत्रातील गोष्ट नव्हती. शहराच्या पश्चिमेस, आज ज्याच्या नावाचा रस्ता गजबजलेला आहे त्या शरणपूर येथे, चर्च मिशनरी सोसायटीने विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली १८५० नंतरच्या दशकात ख्रिस्ती वसाहत वसविली होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम घेऊन जाणारी गलबते ब्रिटिश आरमाराने पकडली, की सुटलेली मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांतील बरीच शरणपूरच्या आश्रमात येत. तेथे त्यांना लेखन-वाचनाबरोबर सुतारी, लोहारी असे धंदे शिकविले जात. ज्या दिवसांत आग्रा रस्त्यावरून कापसाच्या गाड्या मुंबईकडे उतरत होत्या, त्याच दिवसांत त्याच रस्त्याने ही मुले वर चढून येत होती. यांतील काही १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत आफ्रिकेत परतली. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा मागाहून त्यांना जाऊन मिळालेला नाशिकचाच जेकब वेनराइट तेथे होता. त्याने जवळच्या झाडावर मृत्युलेख कोरला, त्यांच्या शवाबरोबर तो इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटिका वाहणाऱ्यांत तो होता.

युद्धाच्या कारणाचा मराठीतील सर्वांत महत्त्वाचा निवाडा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये दिला. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल, अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. उत्तरेचे मूळ उद्दिष्ट गुलामांची मुक्ती नव्हते, हे ध्यानी घेता अर्पणपत्रिकेत उत्तरेला मोठेपणा अधिक दिला गेला असे म्हणता येईल. पण हा आक्षेप वरवरचा आहे. फुल्यांनी युद्धाचे कारण ओळखण्यात चूक केली नाही. अमेरिकेतीलच कित्येक प्राध्यापक पुढे दोन पिढ्या ज्या कारणाभोवती घोटाळत राहिले, ते त्यांनी एका शब्दात, ग्रंथाच्या नावातच, सांगून टाकले. वर्षही ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांचा मताधिकार घटनेत आला होता, आणि दक्षिणेत त्यांचे प्रतिनिधी विधिमंडळांत बसत होते. १८७७ मध्ये मध्यवर्ती सत्तेचे पाठबळ निघून गेल्यावर जे झाले, ते अर्पणपत्रिका लिहिणाऱ्यापुढे नव्हते.

त्या कापसाचे येथील उत्तरचरित्र १८७५ मध्ये पुढे आले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे हस्तगत केले व जाळले. दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. चौकशी मंडळाने कारणांचा शोध घेताना अमेरिकन युद्धातील भाववाढ, तीतून वाढलेली पत आणि त्यानंतरची मंदी यांचा मागोवा घेतला. दंग्याची गावे प्रामुख्याने कापसाची नव्हती, म्हणून हा संबंध सरळ रेषेत लावता येत नाही; पैशाची सुबत्ता व नंतरची ओढ सर्व दख्खनभर पसरली, एवढ्यापुरताच तो ग्राह्य धरावा. १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. नाशिक त्यात नव्हते.

त्याच १८७५ साली शरणपूरचा आफ्रिकी आश्रम रिकामा होत होता. झांझिबारच्या सुलतानाकडून गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह १८७३ मध्ये घडवून आणण्यास ज्यांनी आरंभ केला, ते सर बार्टल फ्रिअर कापसाच्या सुगीच्या वर्षांत मुंबईचे गव्हर्नर होते. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी नवी वसाहत स्थापन झाली, ती त्यांच्या नावाने फ्रिअरटाउन म्हणून ओळखली गेली, आणि ती वसविण्यास नाशिकचे प्राइसच गेले. त्यांच्याबरोबर व त्यांच्या आगेमागे नाशिकला वाढलेली आफ्रिकी कुटुंबे समुद्र ओलांडून परत गेली. तेथील किनाऱ्यावर ती लोहार, सुतार, शिक्षक म्हणून राहिली, आणि तेथे त्यांना नाव पडले 'बॉम्बे आफ्रिकन'.